थांबण्याची हौस

नवऱ्याने गाडीच्या इंजिनावर पैसे घातले तर ती हौस. सीटच्या कातड्यावर घातले तर उधळपट्टी. ब्रेकवर घातले की मात्र ती जबाबदारी होते, आणि जबाबदार माणसाशी भांडायची सोय नसते. "सुरक्षिततेचा प्रश्न आहे गं," एवढं म्हणून तो चहाचा कप उचलतो आणि विषय संपतो. वर, "तुझ्या आणि मुलांच्या जिवापेक्षा पैसा मोठा आहे का?" हे असतंच. आता गाडीत सीट दोन आणि आम्ही माणसं चार. आमचं अख्खं कुटुंब एकदम दगावायचं म्हटलं तरी त्या गाडीला दोन खेपा लागतील. पण हा मुद्दा मी मांडला की मी विषयाला फाटे फोडते असं ठरतं.

गाडी म्हणजे १९६७ सालची एमजीबी. छप्पर कापडाचं, चाकं आऱ्यांची, रंग ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’, म्हणजे पांढरा म्हणावा तर पिवळट आणि पिवळा म्हणावा तर नवऱ्याला राग येतो. ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनला एमजीचा कारखाना होता, तिथे १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. त्यातली एक आमच्या डर्बीच्या घरी येऊन पडली आहे. इंजिन १७९८ सीसीचं, ताकद ९५ हॉर्सपॉवर, आणि कागदोपत्री ती ताशी शंभर मैलांच्या थोडी वर जाते. प्रत्यक्षात पन्नासच्या पुढे गेलं की वाऱ्यामुळे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. काही काही वेळा मीच त्याला "अजून जोरात ने" म्हणते.

वर्षाचा बराचसा भाग ती गॅरेजमध्ये पांघरूण घेऊन उभी असते. म्हणजे जी वस्तू मुळातच थांबलेली आहे, ती अधिक चांगली थांबावी म्हणून आमचा गेला उन्हाळा खर्ची पडला. इंग्लंडात उन्हाळा किती असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना या त्यागाची कल्पना येईल.

बरं, जुने ब्रेक वाईट होते का? तर नव्हते. पुढे पावणेअकरा इंची डिस्क, कॅलिपरमध्ये दोन-दोन पिस्टन, मागे ड्रम. सर्वो नाही, त्यामुळे पायात जितकं बळ तितकाच ब्रेक. आजकालच्या गाडीत अंगठ्यावर भागतं, इथे मांडीपासून जोर काढावा लागतो, एवढाच काय तो फरक. एमजीवाल्यांच्या एका मेळाव्यात पांढऱ्या मिशांच्या एका गृहस्थांनी नवऱ्याला स्वच्छ सांगितलं होतं की नीट निगा राखली तर हे ब्रेक या गाडीला पुरून उरतात. रबरी नळ्या बदल, बरे पॅड घाल, ब्रेक ऑइल वेळच्या वेळी बदल, बास. नवऱ्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली, त्यांचे आभार मानले आणि घरी येऊन चार पिस्टनांची अ‍ॅल्युमिनियमची कॅलिपर, नव्या डिस्क, पोलादी जाळीच्या नळ्या आणि एक सर्वो मागवला. इथल्या ‘हायवे कोड’मध्ये थांबण्याच्या अंतराचं एक कोष्टक आहे. ताशी ७० मैलांवरून थांबायला ९६ मीटर लागतात, आणि त्यातले २१ मीटर विचाराचे, म्हणजे धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे. खरेदीच्या बाबतीत आमच्याकडे हे २१ मीटर शून्य आहेत.

मला वाटलं, निदान सरकार तरी आडवं येईल. आपलं नाही तर इथलं. पण नाही. इंग्लंडात गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी नावाची तपासणी होते, ब्रेक, दिवे, टायर, सगळं. मात्र गाडीने चाळिशी ओलांडली आणि तिच्यात मोठे फेरफार केलेले नसले, की २०१८ पासून ही तपासणी माफ. रोड टॅक्सही माफ. याउलट माणसाने चाळिशी गाठली की इथली सरकारी आरोग्यसेवा त्याला तपासणीचं बोलावणं पाठवते आणि पुढे चौऱ्याहत्तरीपर्यंत दर पाच वर्षांनी पाठवत राहते. नवऱ्याला असं पत्र आलं तेव्हा गॅरेजमधल्या गाडीला माफी मिळालेली होती. तिचं वय त्याच्यापेक्षा जास्त. रक्तदाब बहुधा सारखाच. आणि "मोठे फेरफार" म्हणजे काय, हे मी मोठ्या आशेने नियमांत वाचायला गेले, तर तिथे सरकारने लिहून ठेवलेलं की आस आणि चाकांकडच्या भागांत सुरक्षितता वाढवण्यासाठी केलेले बदल मोठे धरले जात नाहीत. नवऱ्याचं वाक्य, सरकारी शिक्क्यानिशी. मी कॉम्प्युटर बंद केला.

त्याच सुमारास सांगलीहून सासूबाई आल्या. त्यांचा मुक्काम उन्हाळाभर होता आणि मुलगा उन्हाळाभर गॅरेजमध्ये. त्यामुळे आमच्या गप्पांची जागा आपोआप तिथेच ठरली. आम्ही दोघी खुर्च्या टाकून भाजी निवडायचो आणि समोर चाकं निघायची. ही चाकं पाना लावून निघत नाहीत. मधोमध दोन कानांचा एक मोठा नट असतो, त्याला तांब्याच्या हातोड्याने ठोकायचं. कुठल्या दिशेला ठोकायचं त्याचा बाण नटावर कोरलेला असतो, कारण डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलटे. रविवारी सकाळी हा आवाज सुरू झाला की शेजारचं कुत्रं आत जातं आणि शेजारी बाहेर येतो. इंग्रज शेजारी कधी तक्रार करत नाही. "छान दिवस आहे," एवढंच म्हणतो, आणि दिवस छान नसतो.

ब्रेकचा इतिहास सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात ऐकला. आमच्याकडे आलेल्या माणसाला तो पोह्यांबरोबर मिळतोच. १९५३ साली जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जिवावर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत कशी मारली, ड्रमवाले वळणाच्या कितीतरी आधी पाय दाबायचे आणि हे पठ्ठे शेवटपर्यंत वेगात कसे जायचे, हे सांगताना नवऱ्याच्या डोळ्यांत चमक येते. जो उशिरा थांबू शकतो तोच पुढे जातो, असं त्याचं म्हणणं. हे त्याने मला एकदा टेस्कोच्या पार्किंगमध्ये शिरताना सांगितलं.

पण सासूबाईंना आवडली ती दुसरी गोष्ट, कारण ती आमच्याच डर्बीशरमधली. इथून वर डोंगराकडे चॅपल-एन-ल-फ्रिथ नावाचं गाव आहे. तिथे हर्बर्ट फ्रूड म्हणून एक माणूस होता. डोंगरउतारावरून जाणारे गाडीवान चाकाला आवर घालायला जुना बूट वापरतात हे त्याने पाहिलं, आणि यापेक्षा बरं काहीतरी करता येईल म्हणून १८९७ मध्ये ब्रेकचे ठोकळे बनवायला घेतले. जगभर ब्रेक लायनर विकणारी फेरोडो कंपनी त्यातून निघाली.

"म्हणजे पायताणाने गाडी थांबवायचे?" सासूबाईंनी विचारलं.

"हो ना, आई."

"बरोबर आहे. पायताण काढलं की भलेभले थांबतात."

खरी गंमत पान्यांपासून सुरू झाली. नवरा मिलिमीटरमध्ये वाढलेला. दहाचा पाना, बाराचा पाना, तेराचा पाना, असं त्याचं जग. ही गाडी इंचांची, आणि इंचही सरळ नाहीत, त्यांचे सोळावे भाग. ७/१६, १/२, ९/१६, ५/८. अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना बसल्यासारखा करतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे खाऊन टाकतो, हे ज्ञान इंजिनिअरिंग कॉलेजात मिळत नाही. इंची पान्यांचा नवा संच आला. पण गाडीखाली पडलेल्या माणसाने "सेव्हन सिक्स्टीन्थ दे, नाही, नाही, नाइन सिक्स्टीन्थ" असं ओरडायचं आणि वरच्याने त्या चकचकीत पान्यांवरचे बारीक आकडे चष्म्याशिवाय वाचायचे, यात भाजी करपायची वेळ यायची.

सासूबाईंनी एकदा तो संच मांडीवर घेतला, पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावले आणि म्हणाल्या, "हे तर आणे आहेत."

सोळा आण्यांचा रुपया. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा त्या शाळेत होत्या, त्यामुळे दोन्ही हिशेब पक्के. पाव इंच म्हणजे चार आणे, अर्धा इंच आठ आणे, ५/८ म्हणजे दहा आणे. त्या दिवसापासून गॅरेजची भाषाच बदलली. गाडीखालून आवाज यायचा, "आई, नऊ आणे." सासूबाई न बघता हात घालायच्या आणि नेमका पाना द्यायच्या. "सहा आणे झाले की परत दे, मागच्या वेळचे अजून आले नाहीत," असंही ऐकवायच्या. शेजाऱ्याने कुंपणावरून हे दोन-तीनदा ऐकलं. आमच्या धर्मात काम करताना मंत्र म्हणतात असा त्याचा समज झाला असावा, कारण त्यानंतर तो हळू आवाजात बोलू लागला.

पुढचं काम मी थोडक्यात सांगते, कारण ते लांबलं फार आणि घडलं थोडं. या गाडीची डिस्क हबला आतून बोल्टने जोडलेली असते, त्यामुळे डिस्क बदलायची तर हब काढा, हब काढला की बेअरिंग बघा, बेअरिंग बसवताना पत्र्याच्या पातळ चकत्या घालून त्याचा सैलपणा मोजा. जुन्या ड्रमच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं म्हणून तिथली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ही गोष्ट नवऱ्याने मनापासून पाळली. घरातली धूळ पुसायला त्याला असंच काहीतरी विषारी कारण लागेल. नवीन कॅलिपर झळझळीत लाल रंगातही मिळत होती. पण आऱ्यांच्या चाकातून आतलं सगळं दिसतं, आणि मेळाव्यातले मिशीवाले वाकून बघतात. म्हणून काळी घेतली. ब्रेक १९६७ चे नाहीत हे कोणालाही कळता कामा नये. मग एवढा खर्च करून कौतुक कोण करणार, तर कोणीच नाही. दिसू नये म्हणून इतका खर्च मी आमच्या ओळखीत फक्त टक्कल पडलेल्या माणसांना करताना पाहिलं आहे.

सगळं जोडून झालं की ब्रेकमधली हवा काढायची. इथे एकट्या पुरुषाची मर्दुमकी संपते. कारण एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकामागे बसून निप्पल उघडायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे नळीतून बाटलीत जातात. निप्पल बंद होईपर्यंत पेडल सोडायचं नाही, सोडलं की हवा पुन्हा आत. आपल्याकडे गॅरेजमध्ये या कामाला एक पोऱ्या असतो. तो सीटवर बसून पाय मारतो, तोंडाने गाणं म्हणतो आणि मेस्त्रीच्या शिव्या खातो. इंग्लंडात पोऱ्या परवडत नाही. म्हणून बायको. एकट्याने हवा काढायचं यंत्रही मिळतं, तेही त्याने आणलं होतं. पण त्याची नळी सुटून ब्रेक ऑइलचे चार थेंब ओल्ड इंग्लिश व्हाइटवर पडले, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. पाण्याची बादली घेऊन तो ज्या वेगाने धावला तो वेग त्याने आमच्या थोरल्याचा हात भाजला होता तेव्हाही गाठला नव्हता. यंत्र परत खोक्यात गेलं आणि मी सीटवर.

सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या. मी पुढे उजवीकडे. तो मला दिसत नाही, मी त्याला दिसत नाही. बाहेर पाऊस, गॅरेजवर पत्रा. ऐकू येईना म्हणून सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"दाब!"

"तो म्हणतोय दाब."

"दाबलंय."

"ती म्हणते दाबलंय."

"आत्ता दाबलं की मघाशीच दाबलं होतं?"

"तो विचारतोय आत्ता की मघाशी."

"मघाशी दाबलं होतं, ते सोडून आत्ता परत दाबलंय."

"सोडलं? सोड कोणी सांगितलं?"

"तो म्हणतोय सोड."

मी सोडलं. चाकामागून जो आवाज आला तो हवा आत गेल्याचा नव्हता.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जितकं पाणी जास्त तितकं लवकर उकळतं. डॉट-४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, पाणी शोषलेलं असेल तर १५५ ला हार मानू शकतं. हे आकडे नवऱ्याने मला त्याच दुपारी, बाटली उघडी राहू नये एवढ्या कारणासाठी, वरच्या पट्टीत सांगितले. माझ्यातही त्या दुपारी बराच ओलावा शिरला होता. कार्डिगन भिजलं होतं, पाय दुखत होता आणि १५५ काही लांब नव्हते. त्या फ्रूडने कंपनीचं नाव ठेवताना आपल्या आडनावातली इंग्रजी अक्षरं फिरवली आणि त्यात एलिझाबेथ या बायकोचा ‘ई’ घातला, असं नवऱ्यानेच कधीतरी सांगितलं होतं. ते मला तेव्हा फार प्रेमळ वाटलं होतं. सीटवर बसल्यावर कळलं, एका अक्षरावर भागवलं त्याने.

शेवटी उपाय सासूबाईंनीच काढला. त्यांनी निरोप पोचवणं बंद केलं आणि हातात लाटणं घेतलं. निप्पल उघडलं की बॉनेटवर... बॉनेटवर म्हटल्यावर नवरा गाडीखालून बाहेर आला. मग खुर्चीच्या पाठीवर. एक ठोका म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. तासाभरात चारही चाकांची हवा गेली आणि पेडल इतकं कडक लागलं की नवरा स्वतः सीटवर बसून ते पुन्हा पुन्हा दाबत राहिला. आम्ही आत जाऊन पिठलं टाकलं तरी गॅरेजमध्ये तो एकटाच पाय मारत होता.

त्या रात्री पुण्याहून चुलतदिराचा फोन आला. त्याने नुकतीच हेक्टर घेतली आहे, म्हणजे त्याचीही एमजीच. मॉरिस गॅरेजेस हे ऑक्सफर्डचं नाव आता चिनी मालकीचं आहे आणि भारतातल्या गाड्या गुजरातेत हलोलला बनतात. "आपण दोघं भाऊ एमजीवाले," असं म्हणून त्याने आपल्या गाडीचा पाढा सुरू केला. समोर काही आडवं आलं तर त्याची गाडी आपण होऊन ब्रेक लावते. माणसाने पाय हलवायचीसुद्धा गरज नाही.

"मग वापरतोस का ते?" नवऱ्याने विचारलं.

"लक्ष्मी रोडला बंद करून ठेवतो रे. तिथे सारखंच काहीतरी आडवं येतं, तिने तरी किती थांबायचं? तुझ्या गाडीत काय आहे?"

"बायको आहे," नवरा म्हणाला.

ब्रेकची खरी परीक्षा विनॅट्स पासला झाली. कॅसलटन गावाच्या डोक्यावर चुनखडीच्या दोन कड्यांमधून तो रस्ता जातो, पाच फुटांना एक फूट उतार आणि रस्त्यात मेंढ्या. गाडीत सीट दोनच, आणि पहिला मान आईचा, त्यामुळे मी घरीच राहिले. परत आल्यावर दोघांचे वृत्तान्त जुळले नाहीत. नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे उतारावर एक मेंढी अचानक मध्ये आली आणि नव्या कॅलिपरांनी गाडी जागच्या जागी धरली. सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे मेंढी आधीपासून तिथेच बसलेली होती, लांबून दिसत होती, आणि हा तिच्याकडेच चालला होता. "आमचा आंबा घाट बघ म्हणावं," त्या मला हळूच म्हणाल्या, "एसटी थांबते की तिथे. ड्रायव्हर कधी कोणाला सांगायला येतो का?" पण मुलासमोर त्यांनी ब्रेकची तोंड भरून स्तुती केली. त्यांचा जोर मात्र सीटच्या पट्ट्यावर होता. पट्टा म्हणे पोटाला फार लागला.

याचा परिणाम जो व्हायचा तो झाला. ब्रेक इतके चांगले झालेत म्हटल्यावर पट्टे जुने ठेवून चालणार नाही. शिवाय आता ब्रेक धरतात, पण टायर घसरतात, म्हणजे दोष टायरचा. टायर चांगले घातले की सस्पेन्शनवर ताण येणार. आणि हे सगळं मजबूत झाल्यावर ९५ हॉर्सपॉवरचं इंजिन त्या गाडीला शोभणार नाही, हे तो अजून मोठ्याने बोललेला नाही. पण १९७३ साली याच गाडीच्या पक्क्या छपराच्या प्रकारात रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन कारखान्यातच बसवून विकलं गेलं होतं, ही माहिती गेल्या आठवड्यात जेवताना काही कारण नसताना पुढे आली.

इथे गाडीत काहीही बदल केला तर विमा कंपनीला कळवावं लागतं. नवऱ्याने स्पीकरवर फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, तिच्यापुढे प्रश्नांचा फॉर्म होता. बदल कोणता, ब्रेकचा. व्यावसायिक गॅरेजमध्ये केला का, नाही, घरी. कोणी मदत केली का, तर आईने आणि बायकोने. पलीकडे जरा वेळ टाइप केल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, या बदलामुळे गाडीचा वेग वाढला का? नवरा म्हणाला, नाही, थांबणं वाढलं. तसा रकाना तिच्याकडे नव्हता. तिने वरिष्ठांना विचारलं, आम्हाला थोडं संगीत ऐकवलं, आणि शेवटी ते ‘इतर’ या सदरात टाकून हप्ता होता तेवढाच ठेवला.

हप्ता वाढेल असं त्याने मनाशी धरलं होतं. तो वाढला नाही, म्हणजे तेवढे पैसे वाचले, असा हिशेब करून त्याने त्याच रात्री टायर मागवले.